कमी विकण्याची नोकरी

माझा भाचा अमेरिकेत गॅस विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो आणि लोकांनी गॅस कमी जाळावा याची व्यवस्था पाहणे हे त्याचे काम आहे. हे वाक्य मी आमच्या आळीत आजवर निदान दहा जणांना सांगितले असेल. त्यांपैकी एकाचाही त्यावर विश्वास बसलेला नाही. शेजारच्या अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "मग त्याला पगार कोण देतो? दुसरी कंपनी?" दारावर मासळी घेऊन येणारी काकी तर पाटी खाली ठेवून हसत सुटली. म्हणाली, "बाई, मी तुमच्या दारात पापलेट घेऊन यायचं आणि सांगायचं, आज नका घेऊ, कालचं कालवण उरलंय ते आधी संपवा! असं झालं की हे."

त्या दोघांना हसण्याचे मला काही कारण नव्हते, कारण मला स्वतःलाही हे कोडे सुटले नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. गावातल्या एका लहानशा शाळेत मी मुलांना शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. कादंबरीत एखादा दुकानदार गिऱ्हाइकाला माल कमी घ्यायला सांगू लागला, तर त्याच्या मनात काय काळेबेरे आहे हे वाचकाला दोन पानांच्या आत कळावे लागते. भाच्याच्या कंपनीच्या मनात काय आहे, हे कळायला मात्र मला त्याच्यासमोर दोन संध्याकाळी बसावे लागले. मागे तो दिवाळीला आला होता. बॉस्टनजवळ राहतो, दहा-बारा वर्षे तिकडे काढूनही चकली मोडून चहात बुडवायची त्याची सवय गेलेली नाही, हे पाहून बरे वाटले.

तो म्हणाला, "मावशी, आमच्याकडे गॅस स्वयंपाकाला थोडा आणि घर गरम ठेवायला फार लागतो. घरं जुनी, लाकडाची. भिंतीत फटी, माळ्यावर फटी. आत जाळलेला गॅस ऊब होऊन बाहेर निघून जातो. आम्ही माणसं पाठवतो. ती दाराच्या चौकटीत एक मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतात. मग बाहेरची थंड हवा कुठून शिरते ते हाताला कळतं. त्या फटी बुजवायच्या. भिंतींच्या पोकळीत जुन्या वर्तमानपत्रांचा चुरा भरायचा, आग लागू नये म्हणून औषध लावलेला. झालं. घर तेवढंच उबदार, गॅस कमी."

वर्तमानपत्रांचा चुरा म्हटल्यावर लेखिका म्हणून माझे कान टवकारले. छापील मजकुराचा एवढा उबदार उपयोग मी तरी ऐकला नव्हता. पण मी विचारले ते दुसरेच. "आणि हे पैसे कुणाचे?"

"सगळ्यांचे," तो म्हणाला. "प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बिलात, जाळलेल्या गॅसच्या मापावर, थोडी थोडी रक्कम घेतात. तिचा साठा होतो. त्यातून हा खर्च."

हे सारे कंपनीने आपखुशीने आरंभले असते तर मी त्यास धर्मादाय म्हटले असते. पण त्यामागे कायदा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने २००८ साली एक कायदा केला. त्यानुसार वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांनी दर तीन वर्षांनी बचतीचा आराखडा मांडायचा, आणि तो राज्याच्या आयोगाने तपासायचा. एक रुपया घालून एक रुपयाहून अधिक लाभ होणार असेल, तेवढी बचत आधी करायची आणि मग जास्त गॅस आणायचा विचार करायचा. दूरदूरून गॅस आणण्यापेक्षा, नवी वाहिनी टाकण्यापेक्षा, न जळलेला गॅस स्वस्त पडतो. तेव्हा तोही गॅसच समजून विकत घ्यायचा. इतका साधा विचार. पण तो साधा विचार कायद्याच्या पुस्तकात शिरायला एका राज्याला किती वर्षे लागली असतील, ते देवच जाणे.

"पण कंपनीचा धंदा बुडत नाही?" मी शेवटी तो अण्णांचा प्रश्न विचारलाच.

तेव्हा त्याने जे सांगितले ते मला आमच्या पाणीपट्टीवरून समजले. आमच्या गावात पाणीपट्टी वर्षाची ठरलेली असते. तुम्ही दहा हंडे भरा की वीस, ग्रामपंचायतीच्या पेटीत तेवढेच पैसे पडतात. म्हणून सरपंच खुशाल सांगू शकतात, 'बायांनो, नळ बंद करीत जा.' तिकडे आयोग कंपनीला सांगतो, की नळ्या, माणसे, डागडुजी आणि रास्त नफा मिळून वर्षाला तुम्हांस अमुक रक्कम मिळेल. गॅस कमी खपला तर दर जरासा वर, अधिक खपला तर खाली. त्यामुळे जास्त विकण्याची हाव सुटते. कॅलिफोर्नियाने हा प्रकार गॅसच्या बाबतीत १९७८ सालीच सुरू केला होता. माणसाचा स्वभाव बदलण्याच्या भानगडीत न पडता त्याच्या लोभाचा दावाच बदलून दुसऱ्या खुंटीला बांधायचा, ही युक्ती मला फार आवडली. आमचे कीर्तनकार शेकडो वर्षे लोभाला शब्दांनी मारीत आले. हा आयोग त्याला नुसता हिशेबाने वळवतो.

मात्र सगळेच गोड आहे असे भाचा म्हणाला नाही. २०२५ च्या हिवाळ्यात तिकडे गॅसची बिले एकाएकी फुगली. लोकांनी बिले उलटून पाहिली आणि बचतीच्या नावाने घेतलेल्या रकमेच्या ओळीवर बोट ठेवले. फेब्रुवारी महिन्यात आयोगाने पुढल्या तीन वर्षांच्या सुमारे ५०० कोटी डॉलरांच्या आराखड्यातून ५० कोटी डॉलर कापून टाकले. ज्यांच्या भिंती भरायच्या राहिल्या होत्या त्यांचाही त्या रकमेत वाटा होता. आणि ज्यांच्या भिंती आधीच भरून झाल्या होत्या ते अर्थातच गप्प होते. तेव्हा प्रश्न राहतो तो हाच. सगळ्यांच्या पैशातून बचत करायची, तर आधी कुणाच्या घरची?

हा प्रश्न घेऊन भाचा विमानात बसला आणि गेला. मी मात्र तो उशाला घेऊन झोपू लागले. कारण आमच्या अष्टागराचे आणि गॅसचे नाते तसे विलक्षण आहे.

१९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईपासून दूर, समुद्राच्या पोटात तेल शोधून काढले. बॉम्बे हायचे नाव घरोघर झाले. तेथला गॅस नळ्यांतून उरणला किनाऱ्यावर आला. उरणला त्यातून सिलिंडरात भरायचा गॅस वेगळा काढू लागले, त्या गॅसवर वीज होऊ लागली. पुढे वाहिनी थळला आणि उसरला गेली. थळच्या कारखान्यात त्याच गॅसचे खत होते. त्या खताची पोती देशभर जातात. आमच्या जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, ते १९८१ साली रायगड झाले. म्हणजे गॅस आला तो कुलाबा जिल्ह्यात, आणि नांदला रायगड जिल्ह्यात. एवढा गॅस आमच्या पायाखालून जात असता आमच्या आया मात्र नारळाच्या झावळ्या, सोडणे आणि करवंट्या जाळून भात शिजवीत होत्या. अंगणातून गंगा वाहावी आणि पाणी भरायला दुसऱ्याच्या आडावर जावे, त्यातलाच प्रकार. आता २०१५ सालापासून आमच्या जिल्ह्यातही नळाने गॅस पुरवण्याचे काम एका कंपनीला मिळाले आहे. शहरी भागांत तो पोचला, पोचतो आहे. आमच्या आळीत अजून लाल सिलिंडरच येतो, आणि तो येण्याचा वार स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एकादशीच्या बरोबरीने पाहिला जातो.

आपल्याकडे गॅस वाचवण्याचा विचार झाला नाही असे मुळीच नाही. खनिज तेलाच्या काटकसरीसाठी सरकारने १९७८ साली एक स्वतंत्र संस्था नोंदवली. तिने आपल्याला काय शिकवले ते घरोघरी पाठ आहे: भांड्यावर झाकण ठेवा, डाळ आधी भिजत घाला, कुकर वापरा, उकळी आली की आच बारीक करा. विजेच्या बाबतीत तर आपल्या राज्याच्या वीज आयोगाने २०१० साली नियम करून बचतीचे कार्यक्रम आखण्याचे कामच वीज कंपन्यांवर सोपवले. २०१५ पासून सरकारी योजनेतून स्वस्त एलईडी दिवे घरोघर आले, ते आपणां सर्वांस आठवत असेल. त्या दिव्यांनी कुणालाही 'दिवा कमी जाळा' असा उपदेश केला नाही. दिवाच असा दिला की तेवढ्या उजेडाला वीज कमी लागावी.

गॅसच्या बाबतीत मात्र आपल्या वाट्याला आला तो मुख्यतः उपदेश. उपदेश वाईट नसतो. मास्तरकी करणारीने तरी तसे म्हणू नये. पण तो कुणाला केला जातो, हे पाहावे. झाकण कुणी ठेवायचे? बाईने. डाळ कुणी भिजत घालायची? बाईने. आच कुणी बारीक करायची? तिनेच. हे तिला नवीन होते असेही नाही. माझ्या आजीच्या चुलीला वैल होता. पुढे भाताचे आधण ठेवायचे आणि मागे निघून जाणाऱ्या आचेवर, वैलावर, आमटी नाहीतर दूध. एका जाळात दोन भांडी. भात निघाला की निखाऱ्यावर तांब्याभर पाणी. झोपताना निखारा राखेत पुरून ठेवायचा, म्हणजे सकाळी काडी वाचली. आजीने काटकसर करण्यासारखे काही शिल्लकच ठेवले नव्हते. अशा बाईला आणखी एक उपदेश देऊन काय होणार? तिला हवी होती चांगली चूल, आणि चुलीला पैसे पडतात. ते आधी पडतात आणि बचत मागून येते. गरिबाची सारी अडचण त्या 'आधी'त असते.

हे मला पुस्तकातून कळले नाही, एका हजेरीपटामुळे कळले.

माझ्या वर्गातली एक मुलगी पावसाळा सुरू झाला की रोज उशिरा येई. हुशार होती, तिचे पाढे कधी चुकले नाहीत. पण प्रार्थना संपून पहिला तास निम्मा झाल्यावर ती दारात उभी राही, ओल्या पायांनी, हाताला आणि केसांना धुराचा वास. बाप नाही. आई वाड्यांतून कामाला जाते. मी एकदा घरी गेले. पडवीत चूल पेटली होती आणि ओल्या झावळ्यांच्या धुराने डोळे उघडवत नव्हते. आत ओट्यावर गॅस होता. २०१६ साली निघालेल्या उज्ज्वला योजनेतला. मग चूल कशाला?

तिची आई म्हणाली, "आहे ना गॅस. पण एकच पेटतो बाई. दुसरा बंद पडलाय. आणि पेटतो तो असा पिवळा. पातेलं काळं होतं, भात होईस्तोवर सिलिंडर अर्धा होतो की काय अशी भीती वाटते. म्हणून चहा-दूध त्याच्यावर. भात-भाकरी चुलीवर." एक सिलिंडर तिला चार महिने पुरे. सरकारी सवलतीच्या हिशेबात ही बाई उत्तम काटकसरी ठरली असती. आणि तिची मुलगी पहाटे उठून, पावसाने ओल्या झालेल्या झावळ्यांतल्या त्यातल्या त्यात सुक्या निवडीत बसे.

त्या दिवशी मला भाच्याचा तो पंखा आठवला. दाराच्या चौकटीत बसवतात तो. कुठून काय निसटते ते त्याने कळते म्हणे. या घरातून काय निसटत होते? गॅस नव्हे. सकाळ निसटत होती.

आमच्या आळीत बायकांचा बचत गट आहे. पंधरा जणी, महिना शंभर रुपये. गटाने आजवर शिलाई यंत्राला कर्ज दिले, शेळीला दिले, पापड-लोणच्याला दिले. मी मासिक बैठकीत म्हटले, "शेगडीला देऊ या." सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. शेळी दूध देते, यंत्र शिवण देते; शेगडी काय देते? खाते तेवढे!

मग मी फळ्यावर गणित मांडले. आयएसआय शिक्क्याच्या शेगडीने गॅसमधल्या उष्णतेचा निदान ६८ टक्के भाग भांड्याला द्यावा, असा दंडक आहे. समजा, आपली जुनी, काजळलेली, पिवळ्या ज्योतीची शेगडी ६० च देते. म्हणजे तेवढाच भात शिजवायला जिथे जुनीला ६८ माप गॅस लागेल तिथे नवीला ६०. शंभरात बारा वाचले. वर्षाला बारा सिलिंडर जाळणाऱ्या घराचा जवळजवळ दीड सिलिंडर वाचेल. सिलिंडर तेव्हा साडेआठशेच्या पुढेच होता आणि दोन शेगड्यांचा साधा संच दोन हजारांना मिळत होता. पावणेदोन वर्षांच्या आत कर्ज फिटते, आणि पुढली बचत घरात राहते. शेळीपेक्षा हे दूध बरे. हिला चारा घालावा लागत नाही.

गणित पटले. पण गटाकडे एका वेळी दहाच शेगड्यांचे पैसे होते आणि नावे आली चौदा. झाले, तिथून भांडण सुरू झाले.

आमच्या खजिनदारीण बाई हिशेबाला पक्क्या. त्यांनी पाटी घेतली आणि ज्या घरी गॅस जास्त जळतो त्या घराचे नाव वर, अशी यादी केली. त्यात काही चूक नव्हती. बारा माणसांच्या घरी शेगडी दिली तर दीड सिलिंडर वाचणार, तिघांच्या घरी अर्धा. गटाचे पैसे लवकर परत येणार, पुढच्यांना लवकर मिळणार. यादीत सगळ्यांत शेवटी नाव होते माझ्या वर्गातल्या मुलीच्या आईचे. वर्षाला तीन सिलिंडर. बचत एक तृतीयांश. कर्ज फिटायला साडेसहा वर्षे. हिशेबाप्रमाणे तिला शेगडी देणे म्हणजे पैसे बुडवणे.

मी त्या रात्री भाच्याला फोन केला. त्याच्याकडे तेव्हा सकाळ होती आणि तो बर्फ उपसून नुकताच घरात शिरला होता. मी त्याला यादी वाचून दाखवली. तो म्हणाला, "मावशी, हे आमच्या कचेरीतलंच भांडण आहे. नुसता हिशेब लावला की मोठी घरं, मोठे कारखाने वर येतात. गरिबाचं घर कायम खाली. भाड्याच्या घरात राहणारा तर आणखी खाली. भिंत मालकाची, बिल त्याचं. म्हणून आमच्या कायद्यानेच लिहून टाकलंय की गॅसच्या बचतीच्या पैशातले निदान वीस टक्के कमी उत्पन्नाच्या घरांसाठी ठेवायचे. त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. तो भाग आम्ही यादीत मिसळत नाही. बाजूला काढतो आणि मग भांडतो."

शंभरात वीस, म्हणजे पाचांत एक. दहांत दोन. मी दुसऱ्या दिवशी बैठकीत तेवढेच सांगितले. आठ शेगड्या खजिनदारीण बाईंच्या यादीने, दोन यादीच्या शेपटीकडून. कुणी म्हणाले, अमेरिकेचा कायदा आपल्या आळीत कशाला? तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वडील आजी, ज्यांनी सबंध वादात तोंड उघडले नव्हते, त्या म्हणाल्या, "अमेरिका कशाला? जेवताना पहिला घास बाजूला काढून ठेवत होतो ना आपण? काढायचा आणि मग जेवायचं." त्यावर मग कुणी काही बोलले नाही. आठ जणींनी महिना पन्नास रुपये जास्त द्यायचे आणि त्या दोघींचा बोजा त्यातून भागवायचा, असे ठरले. एकीने कुरकुर केली, आणि ती बिलातल्या त्या ओळीवर बोट ठेवणाऱ्या अमेरिकन गृहस्थाहून काही वेगळी नव्हती. तिचेही चूक म्हणवत नाही. स्वतःच्या ताटातला घास तिलाही मोजावाच लागत होता.

शेगड्या आल्या. आता खरोखर काही वाचते की नाही, हे कसे पाहावे? भाच्याने आधीच बजावले होते, की बचतीत सगळ्यांत अवघड काम मोजण्याचे. कारण जी वस्तू जळलीच नाही ती दाखवायची कुठून? मी ते काम मुलांवर सोपवले. सिलिंडर बदलला की त्या दिवशी घरच्या कॅलेंडरवर गोल करायचा आणि सोमवारी शाळेत सांगायचे. मुलांनी ते इतक्या निष्ठेने केले, की एका घरी पाहुण्यांनी दोन दिवस जास्त मुक्काम केला तर "बाई, यात पाहुणे धरायचे का?" असा प्रश्न वर्गात आला. प्रश्न अगदी शहाणपणाचा होता. गणपतीचे दिवस, लग्नाचे दिवस, माहेरवाशिणीचे बाळंतपण, सगळे सोडून मोजावे लागले. एका बाईंनी तर सांगितले, की त्या यंदा स्वतःच्या पैशाने शेगडी घेणारच होत्या. मग त्यांची बचत गटाच्या खाती धरायची का? खजिनदारीण बाई म्हणाल्या, धरायची. मी म्हटले, नाही. आम्ही आळीतल्या गणपतीपर्यंत हा वाद पुरवला.

आठांपैकी सहा घरी फरक दिसला. महिन्याने बदलणारा सिलिंडर चौतीस दिवसांनी बदलू लागला. दोन घरी काहीच दिसले नाही; त्यांच्या जुन्या शेगड्या बहुधा आम्ही समजलो तितक्या वाईट नव्हत्या.

आणि ती शेवटची? तिच्या घरी सिलिंडर पूर्वी चार महिने जात असे, तो तीन महिन्यांच्या आतच संपला.

खजिनदारीण बाई वही घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, हे बघा. शेगडी दिली आणि गॅस जास्त जळला. वाचलेला गॅस या रकान्यात उणे लिहू?"

मी त्यांच्याबरोबर त्या घरी गेले. दोन्ही बर्नर निळे पेटत होते. एकावर भात, एकावर डाळ. सकाळचे जेवण आता ती गॅसवर करते. संध्याकाळची भाकरी अजून चुलीवर, कारण तेवढा सिलिंडर परवडत नाही. सवलतीचे ३०० रुपये खात्यात येतात, ते येण्याआधी पूर्ण किंमत मोजावी लागते. तिथेही तो 'आधी' आहेच. पण सकाळची झावळी सुटली होती. ती वाडीत कामाला तासभर लवकर जाते. तेवढी मजुरी वाढली आणि वाढत्या गॅसचा काही भाग त्यातून निघतो. मुलगी त्या महिन्यात तीनदाच उशिरा आली. त्यांतल्या एका दिवशी एसटीच आली नव्हती आणि मीही उशिरा पोचले होते.

भाच्याला कळवले तेव्हा त्याला नवल वाटले नाही. त्यांच्याकडेही गरिबाच्या घरात असेच होते म्हणे. आधी ते लोक परवडत नाही म्हणून कुडकुडत बसलेले असतात. भिंती भरल्या की थोडी ऊब घेऊ लागतात. मग कागदावर धरलेला गॅस काही वाचत नाही. म्हणून तिथल्या हिशेबात आरोग्याला, घर राहण्याजोगे झाले याला काहीएक मोल धरतात. कसे धरतात ते त्याने मला समजावले. त्यात बरेच आकडे होते. मला समजले ते एवढेच, की जो आधीच पोटाला चिमटा घेऊन जगतो आहे त्याच्याकडून आणखी बचत निघत नसते. त्याला आधी गरजेइतके मिळू द्यावे लागते. हे ज्या आराखड्यात लिहिलेले नाही, तो आराखडा श्रीमंतांच्या घरची काटकसर गरिबांच्या वर्गणीतून चालवील आणि त्याला स्वतःला ते कळणारही नाही.

वहीचे काय केले, ते सांगते. खजिनदारीण बाई हिशेबाला पक्क्या, त्यांनी खोटे लिहिले नाही. त्या नावापुढे 'वाचलेला गॅस' या रकान्यात त्यांनी 'उणे' असेच लिहिले. मग थोडा वेळ पेन हातात धरून बसल्या, आणि पट्टी घेऊन कडेला एक नवा रकाना आखला. त्याला नाव काय द्यावे हे आम्हां दोघींना सुचेना. शेवटी त्यांनी नुसते 'शेरा' असे लिहिले, आणि खाली: 'सकाळची चूल बंद. मुलगी शाळेत वेळेवर.'

भाऊबीज झाली की दुसऱ्या फेरीची बैठक आहे. राहिलेल्या चार जणींत यंदा दुसऱ्या आळीतल्या सहा जणींची भर पडली आहे, म्हणजे पुन्हा दहा नावे. यादी जास्त जळणाऱ्यांपासून सुरू होईल, आणि त्याआधी दोन शेगड्या बाजूला काढल्या जातील. भांडण व्हायचे ते होईलच. फराळाचे काही उरले असेल तर ते बैठकीत न्यायचे मी ठरवले आहे. तोंडात चकली असली की माणूस दुसऱ्याचे बोलणे जरा जास्त वेळ ऐकून घेतो.